माणूस, पण माणसाला

आकुर्डीच्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या असं ठरलं, तेव्हा माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. स्कूटरच्या कारखान्यात भरती चालू होती आणि गावात रिकामी खोली दिसली की दारात कुणीतरी ट्रंक घेऊन उभं राहायचं. आमच्याकडे आलं ते एक तमिळ जोडपं. तो फिटर, ती घरीच असायची. वयाने माझ्याएवढीच. मराठीचा एक शब्द येत नव्हता तिला.

मी शाळेत मराठी शिकवत होते. माझं माहेर पुण्याचं. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यामुळे आमच्याकडे भाजीत मीठ कमी पडलं तर चालायचं, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं चालायचं नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, दोन-तीनदा टोकलं होतं. "आत्या, 'न्हाई' नाही, 'नाही' म्हणतात." मी हसत म्हणाले होते. त्याही हसल्या होत्या. पण तेव्हापासून माझ्याशी बोलताना त्यांची वाक्यं दोन-तीन शब्दांवर आली. जेवलीस का. दूध ठेवलंय. मला वाटायचं, त्यांचा स्वभावच अबोल.

तो अबोल नव्हता, हे मला त्या बाईमुळे कळलं. एकदा शाळेतून लवकर घरी आले, तर मागच्या पडवीतून आत्यांचा आवाज येत होता. मोकळा, चढ-उतारांचा, हसण्याने मधेच तुटणारा. दोघी मेथी निवडत बसल्या होत्या आणि आत्या तिला सांगत होत्या, "आगं, म्या तवा नवी नवरी. भावाला माझ्या काय ठावं न्हाई, त्यो आपला पावसात उभा!" सहा वर्षांत ही गोष्ट मी ऐकली नव्हती. मी पुढे झाले तशा आत्या थांबल्या. "आलीस व्हय? च्या ठेवते," म्हणाल्या आणि उठल्या.  मला जे वाटलं त्याला तेव्हा नाव द्यायला मी तयार नव्हते.

ती त्यांना अम्मा म्हणायची. चार-पाच महिन्यांत ती बऱ्यापैकी बोलू लागली आणि एका रविवारी वही घेऊन माझ्याकडे आली.

"ताई, अम्मा देऊळ म्हणतात. मग 'देवळात' म्हणतात. ऊ कुठे गेला?"

"ते सामान्यरूप," मी म्हणाले. "प्रत्यय लागण्याआधी शब्द बदलतो."

"बदलतो, ते दिसतं. पण कसा बदलतो?" तिने वही उघडली. तमिळ अक्षरांत दोन रांगा होत्या. ती बोट ठेवून वाचू लागली. "पाऊस, पावसात. कापूस, कापसात. माणूस, माणसाला. लाकूड, लाकडाला. फूल, फुलाला. बघा, शेवटी शेपूट लागलं की आधीचा लांब आवाज आखडतो, नाहीतर पडूनच जातो. जीभ पुढे पळते ना, म्हणून. आमच्याकडे पण आहे. घर म्हणजे वीडु. घरात म्हणजे वीट्टिल. शेपूट लागलं की शब्द तसाच राहत नाही."

मग तीच हसली. "शेपूट पण! शेपूट, शेपटाला!"

मला ही सगळी रूपं पाठ होती. मुलांकडूनही मी ती पाठ करून घ्यायचे. पण उच्चार आणि शब्दाची घडण एकमेकांना अशी ओढतात, हे मला कधी दिसलं नव्हतं. जन्मापासून ज्या घरात मी वावरत होते, त्या घरातला एक दरवाजा पाहुणीने येऊन उघडून दाखवावा, तसं झालं. "बरोबर आहे," मी एवढंच म्हणाले आणि मुलांच्या वह्या तपासायला ओढल्या.

पुढच्याच महिन्यात शाळेची तपासणी होती. साहेब मागच्या बाकावर येऊन बसले आणि मी तिच्या दोन रांगा फळ्यावर लिहिल्या. मुलांनाच विचारलं, काय आखडतं, काय पडतं? वर्ग असा काही रंगला की शेवटच्या बाकावरची मुलंही ओरडून शब्द सांगू लागली. तास संपल्यावर साहेब म्हणाले, "बाई, पाठ करून घेणारे पुष्कळ पाहिले. हे तुम्हाला सुचलं कसं?"

"शिकवता शिकवता लक्षात आलं," मी म्हणाले.

घरी आले तेव्हा ती माझी वाटच बघत होती. तिचा नियम अडला होता. देवनागरी अक्षरंही ती आता लावू लागली होती आणि एका फलकावर तिने 'मंदिर' वाचलं होतं. "ताई, मंदिर, मंदिरात. 'मंदरात' का नाही? कानाला तर लाकूडसारखंच लागतं."

याचं उत्तर मला येत होतं. मंदिर हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. तत्सम. असे शब्द आपला स्वर सोडत नाहीत. एका वाक्याचं काम होतं. पण सकाळची शाबासकी अजून अंगावर ताजी होती आणि ती जिची होती तीच समोर उभी होती. त्यात पडवीत तिच्यासाठी ठेवलेला भाकरीचा डबा दिसला. आत्यांनी बांधलेला.

"तसंच म्हणतात," मी म्हणाले. "भाषेत सगळ्याला कारण नसतं."

तिने मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास होता. दोन महिने ती त्या एका शब्दाभोवती फिरत राहिली आणि मी बघत राहिले. मला त्यात सुख होतं, हे आज कबूल करते.

तिला उत्तर सापडलं ते नवऱ्याने आणलेल्या एका लोखंडी स्टुलामुळे. आत्या म्हणाल्या, "ठेव की त्या स्टुलावर," आणि ती वही घ्यायला धावली. संध्याकाळी मला म्हणाली, "स्टूल, स्टुलावर! यांचे मित्र म्हणतात मशीन, मशिनीवर. कालचे इंग्रजी शब्द, पण अम्मांचं ऐकतात. मंदिर एवढं जुनं, ते ऐकत नाही. म्हणजे जो शब्द पोथीतून येतो तो आपला तोरा सोडत नाही. जो कारखान्यातून, बाजारातून येतो तो आपल्यासारखा वागायला शिकतो. बरोबर?"

मी सांगितलं असतं तर तिला एक नाव मिळालं असतं, तत्सम. तिने त्याहून जास्त काहीतरी मिळवलं होतं. तेव्हा मला राहवलं नाही. "मंदिराचं मला माहीत होतं," मी म्हणाले. आणि मग तपासणीचंही सांगून टाकलं.

तिने वही मिटली. मग विचारलं, "मला सांगितलं असतं तर तुमचं काय गेलं असतं, ताई?"

 त्यानंतर ती माझ्याकडे वही घेऊन आली नाही. वर्षभराने तिच्या नवऱ्याने भोसरीत एका वर्कशॉपमध्ये काम धरलं आणि ती दोघं तिकडे राहायला गेली. तिचा संसार लावून द्यायला आत्या बरोबर गेल्या आणि चार दिवस राहिल्या. माझ्या माहेरी त्या एक रात्रही राहिल्या नव्हत्या.

मी पुढे वर्गात तो नियम शिकवताना दर वर्षी सांगत गेले, हे मला एका तमिळ बाईने दाखवलं. साहेबांना मात्र कळवलं नाही.

चार-पाच वर्षांनी पिंपरीच्या बाजारात ती दिसली. बरोबर तीन परप्रांतीय बायका होत्या, आणि ती त्यांना एकेका भाजीचं नाव म्हणायला लावत होती. मग भाजीवालीला म्हणाली, "आगं, कालच्याला बी ह्योच भाव हुता व्हय?" भाजीवालीने विचारलं, "बाई, तुमी मावळातल्या का?"

मी मागे उभी होते. तो हेल आत्यांचा होता, अगदी श्वास घेण्याच्या जागेसकट. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली, पण माझ्या बोलण्यात त्यांचं काहीच आलं नव्हतं. वाटलं, तशीच निघून जावं. पण तिनेच वळून पाहिलं आणि माझा हात धरला. "ताई! अम्मा कशा आहेत? रविवारी येते म्हणावं."

मी घरी येऊन निरोप सांगितला. आत्या तशाच उठल्या आणि तिला आवडतात म्हणून हुलगे निवडायला घेतले. रविवार यायला अजून चार दिवस होते.