घडलंकाका

नेरूळच्या आमच्या सोसायटीत समोरच्या दारातले काका 'मी' हा शब्द वापरत नसत. चहा घेतलात का विचारलं, तर म्हणत, "झाला." गाडी खांबाला घासली, तर "घासली गेली." आम्ही त्यांचं नावच घडलंकाका ठेवलं होतं. ते कानावर गेलं तेव्हा हसून म्हणाले, "ठेवलं गेलं!"

रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही चारदोन रिटायर्ड मंडळी सतरंजीवर बसायचो. काका सांगायचे, "हात उचलायचा विचार आला, हात उचलला गेला. यात तुम्ही कुठे होतात? सगळं एकच चैतन्य. करणारा वेगळा कोणी नाहीच." माझ्या मुलाचं लग्न मोडलं त्या वर्षी मी स्वतःला दोष देत कुढत होतो. काकांच्या या वाक्याने मला झोप लागायला लागली. त्यामुळे थट्टा केली तरी माझा त्यांच्यावर जीव होता.

काकी जवळच्याच शिरवणे गावातल्या, आगरी घरातल्या. त्यांना चैतन्याचं काही कौतुक नव्हतं. मासळीची पिशवी घेऊन आल्या की दारातूनच ओरडायच्या, "कोन हाय का घरान?"

काका आतून म्हणायचे, "कोणी नाही!"

"मंग म्हावरा कोनासाठी आनलाय?"

मग काका मुकाट्याने पिशवी घ्यायला उठायचे.

एका रविवारी बैठक चालू असताना काकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "माजा हात बधिर झालाय. बोटा हलत नाय." काकांनी मिटलेले डोळे उघडले नाहीत. "बघत राहा. येतं आणि जातं," म्हणाले. काकी आत गेल्या. बैठक संपली तेव्हा त्या ओट्याशी पडलेल्या होत्या. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

पुण्याहून मुलगी धावत आली. "पप्पा, एवढा वेळ काय करत होतात?"

"उशीर झाला गं."

"झाला, की तुम्ही केलात?"

काकांनी डोळे मिटून घेतले. मला त्यांचा संताप आला. त्याहून जास्त भीती वाटली. काका खोटे ठरले, तर माझी झोप कुठे राहणार होती?

बैठका बंद झाल्या. काका काकींना भरवायचे, त्यांची वाकडीतिकडी वेणी घालायचे. कोणी विचारलं की तेच, "उशीर झाला." शेवटी मुलीने आईला पुण्याला न्यायचं ठरवलं. वडिलांना चला म्हणाली नाही.

निघायच्या दिवशी व्हीलचेअर उंबऱ्यात अडकली. ती सोडवायला वाकलेले काका तिथेच खाली बसले. मग म्हणाले, "मी उशीर केला. मला कळलं होतं गं. मी उठलो नाही."

मुलीने तोंड फिरवलं. मलाही तिथे उभं राहवेना. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'मी' ऐकायची सवयच नव्हती, आणि तो असा ऐकायला मिळावा.

ज्या दारातून काकी रोज हाक मारायच्या, त्याच दारात त्यांनी डावा हात उचलून काकांच्या डोक्यावर ठेवला. आजारपणात एकही शब्द न फुटलेलं ते तोंड मोठ्या कष्टाने उघडलं.

"हाय," काकी म्हणाल्या. "हाय."