पालखी न थांबलेली दारं

इरा, निशांत,

आजोबांना जाऊन सहा आठवडे झाले. अंत्यविधी तुम्ही कॅनडातून फोनवर पाहिलात आणि दुसऱ्याच दिवशी इराने विचारलं, "आजी, माझ्या प्रश्नाचं उत्तर आजोबांनी दिलं का?" मी म्हटलं, नंतर सांगते. मोठी माणसं असं म्हणतात तेव्हा बहुतेक सांगत नाहीत. म्हणून आज नीट लिहून काढते आहे, आणि पेपरच्या पुरवणीलाही पाठवते आहे, कारण हा प्रश्न आपल्या घरापुरता नाही.

आजोबा, गावाचे आप्पा, जन्मापासून उरणजवळच्या जासईचे. त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत होतं तिथे आज कंटेनरचं यार्ड आहे. जमीन गेली तेव्हा मिळालेल्या पैशांतून त्यांनी घरामागे सहा खोल्या बांधल्या आणि त्याच यार्डात कामाला आलेल्या लोकांना भाड्याने दिल्या. मग रोज सकाळी पेपर वाचताना त्याच लोकांवर ते चिडत. "कवरे लोक आले गो! आमच्या गावात आमीच थोडे झालो. सरकारने कुठंतरी आकडा बांधायला नको?" मी म्हणायची, "मी साताऱ्याची. मला कुठल्या आकड्यात धरता?" "तुजा येगला हाय," ते म्हणत. "तू भांडून या घरात जागा घेतलीस."

त्यांचं सगळंच चूक होतं असं मी लिहिणार नाही. नळाला पाणी दिवसाआड येऊ लागलं होतं. गावातली मुलं यार्डाच्या फाटकावर कामासाठी उभी राहत आणि ठेकेदार स्वस्तातली माणसं बाहेरून आणत. शेतही गेलं आणि नोकरीही नाही, हा राग खरा होता. पण ठेकेदारापर्यंत तो कधी पोहोचला नाही. घरामागच्या खोल्या जवळ होत्या...

आपल्या गावदेवीच्या जत्रेत पालखी घरोघर फिरते. दारात थांबते, घरातली बाई ओवाळते, मग पुढे निघते. इतकी वर्षं ती भाडेकरूंच्या दारातही थांबायची. गेल्या वर्षी गावकीच्या बैठकीत आजोबांनी ठराव मांडला, की पालखी फक्त मूळ गाववाल्यांच्या दारी थांबेल. माणसं इतकी वाढली की देवळात परतायला फार उशीर होतो, हे कारण. ठरावाचा मसुदा मी लिहून दिला. मला वाक्यं नीटनेटकी लागतात. ती नीट झाल्यावरही आपण काय लिहिलं याचा मी विचार केला नाही.

जत्रेच्या दिवशी पहिल्या खोलीतली सुनीता, मूळची बिहारची, सात वर्षं आपल्याकडे राहणारी, नवी साडी नेसून ताट घेऊन दारात उभी होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम आमचं होतं. पालखी आली, पुढे आजोबा चालत होते... आणि पालखी तशीच पुढे गेली. निरांजन विझू नये म्हणून तिने धरलेला हात बराच वेळ तसाच होता. संध्याकाळी तिने मला विचारलं, "काकी, हमसे कुछ गलती हुआ क्या?" मी म्हटलं, "गर्दी होती गं."

मग नाताळच्या सुट्टीत इराचा फोन आला. "आजोबा, इथे टीव्हीवर विचारतात, बाहेरून आलेले लोक जास्त झाले का? खूप जण हो म्हणतात. आता सरकार आकडा कमी करतंय. पप्पांचं इथे परमनंट राहायच्या परवानगीचं अडकलंय." आजोबा भडकले. "कोन बोलतो त्यो? तुजा बाप काम करतो, टॅक्स भरतो. कुनाचा काय खाल्ला?"

"सुनीतामावशीचे मिस्टर पण काम करतात ना?" इरा म्हणाली. "मग पालखी का नाही थांबवलीत?"

इरा, पालखीची गोष्ट तुला मीच सांगितली होती. आजोबांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते बाहेर गेले.

तीन दिवस त्यांनी पेपर उघडला नाही. चौथ्या दिवशी म्हणाले, "लिव. ठराव मागं घ्यायचा अर्ज." मी लिहिला आणि सहीसाठी पुढे केला. "ऱ्हाऊ दे आता. हसतील मला. बोलतील, नातीने शिकवला."

"हसू देत की!"

"तुजा काय जातं? गावकीत मला बसायचा हाय." पण कागद त्यांनी खिशात ठेवला. बैठक रविवारी होती. गुरुवारी सकाळी झाडांना पाणी घालता घालता ते ओट्यावर बसले, ते उठलेच नाहीत. सुनीताच्या नवऱ्याने त्यांना उचलून रिक्षात घातलं. उपयोग झाला नाही.

तेरावं झाल्यावर मी त्यांच्या खिशातला तो अर्ज घेऊन गावकीच्या अध्यक्षांकडे गेले. त्यांनी तो नीट वाचला. "काकी, सही कुठं हाय? आनि आप्पांनी मांडलेला शेवटचा ठराव हाय त्यो. त्यांचा मान हाय. आमी कसा काढनार?" ठराव कायम आहे. चैत्रात पालखी त्या सहा दारांवरून पुढे जाईल. तुमच्या पप्पांचंही अजून काही कळलेलं नाही.

घरी येऊन कागद उलटा केला तेव्हा मागची बाजू दिसली. तिथे आजोबांनी पेन्सिलीने सहा खोल्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे राहणाऱ्याचं नाव लिहायला घेतलं होतं. पहिल्या तीन खोल्यांची नावं आहेत. चौथीपुढे लिहिलं आहे, 'ओडिसावाला'. पाचवीपुढे, 'क्रेनवाला'. सहावीपुढे काहीच नाही. कुणालातरी विचारायचं राहिलं असेल, किंवा विचारायची लाज वाटली असेल... मी त्या तिघांना जाऊन नावं विचारली. आता मला ती माहीत आहेत, पण त्या कागदावर मी लिहिली नाहीत.

इरा, तुझ्या प्रश्नावर आजोबांनी एवढंच लिहून ठेवलं आहे. सहा खोल्या आणि तीन नावं. सही नाही.