रोवणीला कोणती गाणी

आमच्या धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, दरवर्षी एक मावशी बायकांची टोळी घेऊन येते. चिखलात उतरण्याआधी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, स्पीकर ठेवते आणि फक्त नव्वदच्या दशकातली गाणी लावते. एरवी बोलते कमी, पण या विषयावर कोणाला जिंकू देत नाही.

यंदा चिखलणीला आलेला ट्रॅक्टरवाला म्हणाला, "गाणे म्हंजे सत्तरचे, मावशी. बाकी सारा गोंगाट."

"रोवूनच पाहू न मंग," ती म्हणाली. "हरला त चहा तू करजो."

एक बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा एक तुकडा, सत्तरच्या गाण्यांवर रोवायची, तेवढीच दुसरी नव्वदच्या. पहिल्या बांधीत बायका रेंगाळल्या. ती स्वतःच रोपांची पेंडी हातात धरून उभी राहायची. दुसरी बांधी जेवणाआधी संपली. ट्रॅक्टरवाल्याने चहासाठी चूल पेटवली.

मला काम उरकल्याशी मतलब. मी तिला शाबासकी दिली, तशी ती हळूच म्हणाली, "हात चालाले नव्वदच पायजे, बाई. पण सत्तरचं गाणं लागलं का मले रोवनंच सुचत नाई. त्याले सांगू नोका."

मी सांगितलं नाही. चहाच्या वेळी मात्र स्पीकरवर सत्तरचं गाणं वाजलं, आणि ते तिनेच लावलं होतं. ट्रॅक्टरवाल्याने तिचा कप काठोकाठ भरला.