पन्ह्यातला उत्तर ध्रुव

उत्तर ध्रुवाचा एक तुकडा मी पन्ह्यात घालून बायकांना पाजला आहे. तेव्हा मी जेमतेम बासष्टची, म्हणजे अल्लडच. आखातात सनदला मुलाकडे नुकतीच राहायला आले होते, आणि फ्रीजर आपला म्हणजे त्यातलं सगळं आपलं, अशी माझी ठाम समजूत.

तो तुकडा आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचा. उत्तरेकडच्या समुद्रांची त्यांच्याइतकी काळजी तिथल्या अस्वलांनाही नसेल. दिवसभर सित्र्याच्या कारखान्यात भट्ट्यांपाशी, आणि घामाघूम घरी आले की मोबाइलवर बर्फाचा नकाशा. आमचा एसी अठरावर दिसला की न विचारता चोविसावर नेत. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरवाल्याला, म्हणजे तिथल्या वाण्याला, एकदा कळवळून म्हणाले, "उधर बर्फ खलास हो रहा है." त्या बापड्याने बर्फाची पिशवी पुढे केली. "इधर बहुत है, साब."

याचं मूळ त्यांची मुलगी. पुण्यातली नोकरी सोडून ती नॉर्वेला समुद्रावरचा बर्फ मोजायला निघाली, तेव्हा गृहस्थ म्हणाले होते, "त्यापेक्षा घरचा फ्रीजर मोज." त्यानंतर तीन वर्षं ती घरी फिरकली नाही. आता दोन महिने बोटीवर जाणार, फोनही लागणार नाही. त्याआधी व्हिडिओ कॉलवर तिचंच काम तिला करून दाखवायचं, खायचा निळा रंग घातलेला बर्फ खारट पाण्यात वितळवायचा, असं त्यांनी ठरवलं. त्यांचा फ्रीजर सुरमईने भरलेला, म्हणून बर्फाचं भांडं आमच्याकडे.

नेमकं त्याच दुपारी माझं चैत्राचं हळदीकुंकू. सुनेनेच केला असणार, किती हौशी, असं म्हणत मी तो बर्फ पन्ह्याच्या काचेच्या बरणीत उलटा केला. पेल्यांत ढवळल्यावर पन्हं हिरवंगार. एकीने विचारलं, "पुदिना घातलात का हो?"

"आमच्याकडे घालतात," मी म्हटलं.

तेवढ्यात गृहस्थ फोन घेऊन दारात, कॉल सुरूच. रिकामं भांडं बघून त्यांचा चेहरा असा उतरला, की मला जन्मात पहिल्यांदा माफी मागावीशी वाटली. पण त्यांची नजर बरणीवर खिळली. तिला मी चमचा लावला नव्हता. खाली पिवळं पन्हं, वर वितळलेल्या बर्फाचा निळा थर, आणि तो काही केल्या खाली उतरेना.

त्यांनी फोन बरणीसमोर धरला. "बघ. बर्फाचं पाणी हलकं, वरच झाकण घालून बसतं. मग वरचं थंड पाणी तळाला जात नाही, समुद्राचं फिरणं मंदावतं, पुढे हवामान बिघडतं. हेच बघतेस ना तू?"

पलीकडे मुलगी स्क्रीनजवळ सरकली. "हो बाबा. पण खालचं पिवळं काय आहे?"

"पन्हं," गृहस्थ पडेल आवाजात म्हणाले. ती हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी भांडं न्यायला आले, ते एसीकडे न बघता दारातच घुटमळले.

"ताई, ती म्हणाली, बोटीवरून उतरले की पन्हं प्यायला येते. तोवर कैऱ्या संपू देऊ नका."