शेतात गेलेली कढई

गंजलेलं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं भांडं जिवंत करावं ते बिस्मिल्लाबीनंच, असं धामणगाव बढ्यात कुणीही सांगेल. सासूच्या काळातला तवा नाही तर कढई माळ्यावर पडायची, गंज खायची आणि शेवटी हिच्या अंगणात यायची. ती भांडं विटकरीनं घासायची, चिंचेचं पाणी लावायची, चुलीवर तापवायची आणि जवसाचं तेल पाजून काळंभोर करून द्यायची. जिभेला मात्र हाड नव्हतं. भांडं गंजवणाऱ्या बाईला ती असं काही सुनवायची की पुढच्या वेळी बाई नवऱ्याला पाठवायची.

तापलेल्या बिडाला गार पाणी दाखवायचं नाही, हा तिचा कायदा. दाखवलं की तडकतं. तिच्या हातून आजवर एक भांडं गेलं नव्हतं, आणि ते ती सांगितल्याशिवाय राहायची नाही.

बोंडअळीच्या सालापासून मात्र ती आधी एक प्रश्न विचारू लागली, "हे शेतात गेलं होतं काय?" बीटीला अळी लागत नाही म्हणून सगळ्यांनी तीच कपाशी लावली होती. त्या साली बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी. मग माणसं मिळेल ते औषध सापडेल त्या भांड्यात कालवून फवारत सुटली. बिस्मिल्लाबीचा लेक अकील दुसऱ्याच्या वावरात फवारायला गेला आणि बैलगाडीत आडवा होऊन परत आला. जीव वाचला, पण एक डोळा अधू झाला. त्याच्या सदऱ्यावर सांडलेल्या औषधाचा तो सडक्या लसणासारखा वास तिच्या नाकात कायमचा बसला.

पुढच्या उन्हाळ्यात गावातली जनकाबाई आणि तिचा नवरा माणिकराव कढई घेऊन आले. लेक महामायाला सातवा महिना लागला होता. दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण होतं, आणि आईनं लग्नात दिलेल्या या कढईतच लेकीसाठी वडे तळायचे, हे जनकाबाईनं केव्हाच ठरवलं होतं.

"शेतात गेली होती काय?"

"छे," माणिकराव म्हणाले. "गोठ्यात पडली होती."

गंज घासून निघाला. जनकाबाई शेजारीच बसून आईच्या आठवणी सांगत होती. कढई चुलीवर चढली, तापली, आणि धूर वर आला तसा बिस्मिल्लाबीचा हात थांबला. सडक्या लसणाचा वास. तिनं पदर नाकाला लावला आणि जनकाबाईला मागं सरायला सांगितलं.

"भाऊ, याच्यात औषध कालवलं होतं."

माणिकरावांनी आधी बायकोकडं पाहिलं. सासूची कढई वावरात नेली हे कबूल करायची त्यांची छाती होईना. "नाई म्हणलं नं. पाणी पेत होते ढोरं."

"वास येऊन राह्यला, भाऊ. पोटुशी पोरगी जेवणार हाय याच्यात."

"यायनं सांगतलं नं, गोठ्यात होती म्हणून?" जनकाबाई चिडली. "अकीलचं झालं तवापासून तुले सगळीकडं फवाराच दिसते. होत नसन तं दे इकडं. मी लावतो तेल."

आगीत विष जळून जातही असेल. पण खात्री कोण देणार? नाही म्हणून कढई परत दिली तर उद्या तीच चुलीवर चढणार, हे बिस्मिल्लाबीला स्पष्ट दिसत होतं. माणिकराव खाली बघत होते. जनकाबाईनं फडक्यानं कढईचा कान धरला.

बिस्मिल्लाबीनं बाजूची बादली उचलली आणि सगळं गार पाणी कढईत ओतलं.

टणकन आवाज झाला. कढई मधोमध तडकून दुभंगली आणि चूल विझली.

जनकाबाई रडायला लागली. "माह्या मायची होती. मुद्दाम केलं तुनं."

"हाव," बिस्मिल्लाबी म्हणाली.

माणिकरावांनी दोन तुकडे पोत्यात भरले आणि ते निघून गेले. गावात मात्र बोभाटा झाला. बिस्मिल्लाबी तापलेल्या बिडावर पाणी ओतते म्हणे. पावसाळा गेला, दिवाळी गेली, अंगणात कुणी तवा आणला नाही. अकील म्हणायचा, अम्मी, खरं काय ते सांग लोकांना. ती म्हणायची, सांगितलं होतं, ऐकणाऱ्यानं ऐकलं नाही. पण रिकाम्या चुलीसमोर बसताना तिला फार वाईट वाटायचं.

संक्रांतीच्या सुमारास जनकाबाई आली. कडेवर महामायाची गुटगुटीत पोर, हातात गंजलेला तवा. ती दारातच उभी राहिली. बिस्मिल्लाबीनं तवा घेतला, उलटा करून पाहिला, पण या वेळी तिच्या तोंडून प्रश्न निघेना.

जनकाबाईच म्हणाली, "हा शेतात नाई गेला, बिस्मिल्लाबी. यायले नाई इचारलं. मीच माळ्यावरून काढला."