गाडीची तहान

देवावर तुझा विश्वास आहे का, असं कोणी विचारलं की ‘आईचा आहे’ असं सांगून मी मोकळी होत असे. मी कामाची बाई. मोहोपाड्याच्या एका कारखान्यात भांडार विभाग सांभाळण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. तिथे वस्तू जागेवर असते किंवा नसते, मधलं काही नसतं. घरातही तीच सवय लागली. प्रवासाला निघण्याआधीची माझी एक यादी आहे. टायरची हवा, ब्रेक, दिवे, इंजिन ऑइल, कूलंटची पातळी, पिण्याच्या पाण्याचा कॅन, आईच्या गोळ्या. प्रत्येकापुढे बरोबरची खूण झाल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही. बाबा गेले आणि आम्ही दोघीच उरलो, तेव्हापासून आई जे देवघरातल्या बाळकृष्णाला सांगते ते मी कागदाला सांगत आले.

गोष्ट मागच्या भाऊबीजेची आहे. कळंबला माझा मामा, आईचा पाठचा भाऊ, दोन महिने अंथरुणाला खिळला होता. लग्न झाल्यापासून आईने एकही भाऊबीज चुकवली नव्हती, आणि आक्काने, म्हणजे आईने, ओवाळल्याशिवाय त्या दिवशी मामाने कधी तोंडात घास घातला नव्हता. मामा धडधाकट होता तोवर आम्ही त्याचं कौतुक करायचो. या वेळी सकाळी साडेदहाला मामेभावाच्या बायकोचा फोन आला. “ताई, मामंजी पेजसुद्धा घेत नायत. उपाशीपोटी गोळ्या द्यायच्या नायत असं डॉक्टरांनी बजावलंय. आक्का येऊ दे, एवढंच म्हणतात. तुमी निघालात ना?” आम्ही निघतच होतो. आईच्या मांडीवर ओवाळणीचं ताट होतं, रुमालाने घट्ट बांधलेलं.

हा रस्ता माझ्या लहानपणाचा. बाबांनी जुनी, तिसऱ्या हाताची गाडी घेतली होती आणि दर भाऊबीजेला आम्ही तिच्यातून कळंबला जायचो. वाटेत दोनदा तरी ती फुसफुसायची. बाबा गाडी झाडाखाली घ्यायचे, बॉनेट उघडायचे आणि म्हणायचे, “हिला तहान लागली.” मग ते सायकल दुरुस्तीवाल्याकडे ऐकलेल्या गोष्टी सांगत गाडी निवायची वाट पाहायचे आणि पत्र्याच्या डब्यातून रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे. रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वीही त्यांचं हे चालायचं. आई तुळशीला पाणी घालत असे आणि बाबा गाडीला, दोघं एकाच वेळी अंगणात. मी दात घासत पायरीवर बसून पाहायची. त्या वेळी हे सगळं कायमचं आहे असं वाटायचं. त्या दिवशी चौक गाव मागे टाकून कर्जतच्या रस्त्याला लागलो तेव्हा दोन्हीकडे कापलेल्या भाताचे भारे दिसत होते, आणि बाबा शेजारी बसलेत असा मला उगीचच भास झाला.

नेमका त्याच वेळी एसीचा वारा गरम झाला. पाहते तर तापमानाचा काटा लाल पट्टीच्या तोंडाशी होता. मी एसी बंद केला, हीटर सुरू करून खिडक्या उघडल्या, कारण हीटरने इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडते, एवढं मला ठाऊक होतं. काटा हलला नाही. मी गाडी कडेला घेऊन बंद केली. बॉनेट उघडलं तर आतून करपल्यासारखा वास आला. कूलंटची पांढरी टाकी मात्र वरच्या रेघेपर्यंत भरलेली होती. सकाळी मी ती पाहून खूण केली होती, आताही ती भरलेलीच. मग गाडी तापली कशी? साडेअकरा वाजले होते. मामा उपाशी होता. ओळखीच्या मेकॅनिकने फोन उचलला नाही, दुसऱ्याने संध्याकाळी येतो म्हणून सांगितलं. आई ताट धरून गाडीतच बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. मला त्या ओठांचा राग आला. आयुष्यभर देवाला सांगत आलीस, आता मिळाली का मदत, असं अगदी तोंडाशी आलं होतं. त्याच रागात मी ओढणी हाताला गुंडाळली आणि रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवला.

“हात मागं घ्या, ताई. तोंड भाजंल.”

आवाज शांत होता, पण माझा हात आपोआप मागे आला. समोरून येणारी स्कूटर थांबली होती. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, साठीच्या आसपासचे गृहस्थ. खालापूरला त्यांचं गॅरेज होतं, आता मुलगे चालवतात. “मी फक्त लोकांच्या गाड्यांना नावं ठेवतो,” ते म्हणाले. या रस्त्याने ते एरवी येत नाहीत. पलीकडच्या रस्त्यावर भाताचे ट्रॅक्टर आडवे लागले म्हणून वळले होते. आम्ही त्यांना चाचाच म्हणू लागलो.

त्यांनी घाई केली नाही. आधी ऑइलची कांडी ओढून पाहिली. “दुधासारखं झालेलं नाय, म्हंजे आत पाणी नाय शिरलं. इंजिन वाचलंय, बाकी सगळं होईल.” पंखा फिरतो का ते तपासलं. मग पाऊण तास गाडी निवू दिली. मला ते पाऊण तास थांबणं सोसवत नव्हतं. मी तीनदा घड्याळ पाहिल्यावर ते म्हणाले, “घड्याळाकडं बघून लोखंड थंड होत नाय, ताई.” शेवटी ओल्या फडक्याने झाकण हळूच फिरवलं. आत पाणी नव्हतं. खालच्या रबरी नळीच्या पट्टीजवळ पांढरे ओघळ सुकलेले होते. तिथून कित्येक दिवस गळत असणार. पण टाकी भरलेली आणि रेडिएटर कोरडा, हे कसं, ते त्यांनाही समजेना. त्यांनी टाकी आणि रेडिएटर यांच्यामधली बारीक नळी काढली, फुंकून पाहिली, मग वाकवून झटकली. चिकट, पांढरट गाळाबरोबर त्यातून काहीतरी हिरवं-काळं बाहेर पडलं. त्यांनी ते बोटावर घेऊन उन्हात धरलं.

“ताई, गाडीला काय पाजता?”

ते तुळशीचं पान होतं.

मी आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. “रोज पूजा झाली की देवांच्या आंघोळीचं पाणी उरतं ना,” ती म्हणाली. “त्यातलंच पेलाभर, तू आंघोळीला गेलीस की टाकीत. तुझे बाबा रोज घालायचे. तू नुसतं वाकून बघतेस आणि लिहितेस. म्हटलं, गाडी तहानलेली कशी जाऊ द्यायची.”

दूध, मध, गंध, तुळस, सगळं महिनोन्‌महिने त्या टाकीत गेलं होतं. गाळाने नळी बंद झाली. गळून गेलेल्याच्या जागी टाकीतलं पाणी रेडिएटरकडे जाईना, आणि आईच्या पेल्यामुळे टाकी मात्र सदैव भरलेली. मी यादीत ‘पातळी’ लिहिलं होतं, ‘रंग’ लिहिलं नव्हतं. लाल कूलंट ताकासारखं फिकं झालं होतं आणि मी दर वेळी त्याच्यावर बरोबरची खूण करत होते. तरी मी आईवरच ओरडले. “आई, अगं काही कळतं का तुला? मामा तिथे उपाशी आहे.” आईने ताटावरच्या रुमालाची गाठ पुन्हा आवळली.

“मावशींना नका बोलू,” चाचा नळी धुता धुता म्हणाले. “रेडिएटर गळला की लोक हळद घालतात. मीसुद्धा घातलीय, माझ्या उस्तादानं शिकवलंय. यांनी तर देवाचं घातलं.” मग आईकडे वळून म्हणाले, “पण मावशी, देवाचं पाणी माणसाला. गाडीला तिचं पाणी. एकाचं दुसऱ्याला पाजलं की दोघं रुसतात.” आईला हसू आलं, आणि मला रडू.

त्यांनी पट्टी आवळली, टाकी धुतली, आमच्या कॅनमधलं पाणी भरलं, इंजिन सुरू ठेवून हवेचे बुडबुडे निघेपर्यंत थांबले. आईने डब्यातली करंजी पुढे केली तर हात जोडून म्हणाले, “तुमच्या भावाच्या आधी मला नको.” आणि ते आपला रस्ता सोडून उलटे फिरले. कर्जतपर्यंत स्कूटर आमच्या पुढे, हळू, मधूनमधून मागे पाहत. तिथे ओळखीच्या दुकानदाराला घरातून बोलावून कूलंट घेतलं, ओतलं, काटा पाच मिनिटं पाहिला. “आता एसी लावू नका. भावाला सलाम सांगा,” असं म्हणून वळलेसुद्धा. आम्ही त्यांना नीट नमस्कारही करू शकलो नाही.

कळंबला पोचलो तेव्हा सव्वादोन वाजले होते. मामाला उशांना टेकवून बसवलं होतं, डोक्यावर टोपी घातलेली. आईने कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. मी तिच्या हाताला खालून आधार दिला. मामाने ज्योतीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “आक्का, लय उशीर केलास गं. भात आण.” आईने मऊ भात कालवून भरवला. पहिला घास, दुसरा, मग गोळ्या. सातव्या घासानंतर तो तिच्या पदराचा काठ मुठीत धरून झोपला. आई तशीच बसून राहिली, उष्टा हात धरून, अंधार पडेपर्यंत.

मामा मार्गशीर्षात गेला. ती त्यांची शेवटची भाऊबीज ठरली.

हा चमत्कार होता का, मला सांगता येणार नाही. गाडी बिघडली ती भक्तीने आणि दुरुस्त झाली ती कुशल हातांनी, असंही कोणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. पण त्या रस्त्यावर मी जेवढं काही करू शकत होते तेवढं करून संपलं होतं, आणि पुढचं मी करत नव्हते, हेही तितकंच खरं. माझा हात झाकणावरून वेळेत मागे आला. माझ्या आईच्या चुकीला कोणीतरी इतक्या मायेने नाव दिलं की ती चूक राहिली नाही. एका भावाला त्याच्या बहिणीच्या हातचे सात घास मिळाले. हे सगळं मी मिळवलं नाही, मला ते दिलं गेलं. देणाऱ्याचं नाव आई एक सांगते, चाचा कदाचित दुसरं सांगतील. मी आता नाव विचारत नाही. संध्याकाळी आई देवापुढे बसली की तिच्या शेजारी बसते, आणि इतकी वर्षं न जोडलेले हात जोडते.