सनईतली थरथर

“लय शिस्तीत हालायलाय सूर,” असं म्हणून मामा हसायचे आणि सनईचं तोंड धोतराच्या सोग्याला पुसायचे.

सेलूत कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीत माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, एक खोली, एक कॉम्प्युटर आणि भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या. मामा नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे; पालमकडचे, लग्नात सनई वाजवणारे. तुमचं वाजवणं जपून ठेवतो, असं सांगून मी त्यांना बोलावलं होतं. कॉम्प्युटरच्या सिंथेसायझरमध्ये हुबेहूब त्यांच्यासारखी सनई तयार करायचा माझा बेत होता, तो मात्र पोटातच ठेवला.

आवाज जमला, थरथर जमेना. त्या सॉफ्टवेअरमध्ये सूर हलवायला एलएफओ नावाची सोय असते. एका बटणाने हलण्याचा वेग ठरतो, दुसऱ्याने किती हलायचं ते. मी बटणं फिरवायचो आणि सूर शिलाई मशीनसारखा एकसारखा हलायचा. मामांना वाटलं, मला सनई समजून घ्यायचीय. खुर्ची ओढून ते शेजारीच बसले.

“आदी सूर उभा राहू द्या. मंग हालवा. दम सरत आला की जरा घाई करा.”

मी थरथर उशिरा सुरू केली, वेग हळूहळू चढवला. तीन दिवस ते भाकरी बांधून एसटीने येत होते. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून त्यांनी ऐकलं आणि आता माणूस वाजवायलाय म्हणाले. वर चहाही त्यांनीच पाजला.

त्या उन्हाळ्यात मामा ज्याच्याबरोबर वाजवायचे त्या बँडवाल्याने तो आवाज माझ्याकडून नेला आणि की-बोर्डवरच सनई भागवली. कुठल्या तरी मांडवात तुम्हीही ती ऐकली असेल. मामांना बोलावणी येईनाशी झाली. एकदा येऊन म्हणाले, “माझं काय चुकलं का, त्याला इचारता का जरा?”

विचारतो म्हणालो. काय विचारणार, कपाळ! पुढे ते रस्त्यात दिसले की मी समोरच्या दुकानात शिरायचो. मला लाज वाटायची, पण खरं सांगण्याइतकी नाही.

गेल्या वर्षी मामा वारले. महिन्याभराने त्यांची मुलगी पूर्णेहून आली. “दादा, आबांचं वाजवलेलं तुमच्याकडं हाय म्हनायचे. तेवढं द्या.”

त्यांचं खरं रेकॉर्डिंग मी केव्हाच पुसलं होतं. आवाज जमल्यावर त्याचं काय काम, असं तेव्हा वाटलं होतं, आणि कॉम्प्युटरमध्ये जागा हवी होती. हे तिला सांगायला जीभ रेटेना. मी मशीनची सनई लावली.

ती तोंडाला पदर लावून शेवटपर्यंत ऐकत राहिली. “आबाच हायत,” म्हणाली.

मी ते पेनड्राइव्हवर भरून दिलं. जाताना ती माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.